८०८५चं कुटुंब आणि डीपीवरची मोटर

आयोजकांनी बोलावलं तेव्हा एक अट घातली होती, की जुन्या तंत्रज्ञानावर बोला, पण 'आमच्या वेळी असं होतं' हे सांगत बसू नका. अट मला मान्य आहे. आजचं बोलणं परीक्षणासारखं आहे. पुस्तकाचं परीक्षण करतात, नाटकाचं करतात. मी एका चिपसंचाचं करणार आहे, आणि मग आपण मराठवाड्यात त्या संचाचं काय केलं, याचं. दुसरा भाग जरा कडू आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

संच म्हणजे इंटेलचा ८०८५ आणि त्याची भावंडं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला किंवा बीएस्सीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, त्यांच्या कानाला 'एटी एटी-फाइव्ह' हा शब्द नवा नाही. चाळीस पिनांची आकृती वहीत काढलेली असेल, ती पुसट का होईना आठवत असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हा १९७६ साली आलेला आठ बिटांचा मायक्रोप्रोसेसर. त्यात साधारण साडेसहा हजार ट्रान्झिस्टर. आजच्या मोबाईलमधल्या चिपमध्ये ते अब्जांनी मोजतात. म्हणजे आजच्या मापाने हा अगदी खालच्या पायरीवरचा माणूस. पण त्या काळीसुद्धा तो वरच्या पायरीसाठी केलेला नव्हता, हे लक्षात ठेवा. तो स्वस्तात काम भागवण्यासाठी केलेला होता.

स्वस्तात म्हणजे कसं? त्याच्या आधीचा ८०८०, १९७४चा. तो चालवायचा तर तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे: अधिक पाच, उणे पाच आणि अधिक बारा. वर क्लॉक द्यायला ८२२४ ही वेगळी चिप, कंट्रोलचे सिग्नल सोडवायला ८२२८ ही आणखी एक. म्हणजे नवरदेव एक आणि करवले दोन, शिवाय तीन जागचा वीजपुरवठा. १९७५ साली मॉस टेक्नॉलॉजी नावाच्या कंपनीने ६५०२ हा प्रोसेसर पंचवीस डॉलरला विकायला काढला आणि बाजार हलला. तिकडे ८०८० ज्यांनी घडवला त्यातले फेडेरिको फॅजिन आणि मासातोशी शिमा इंटेल सोडून झायलॉगमध्ये गेले होते, त्यांचा झेड-८० त्याच १९७६ साली आला. इंटेलला उत्तर देणं भाग होतं. ८०८५ हे ते उत्तर. पाच व्होल्टचा एकच पुरवठा, क्लॉक पोटात, कंट्रोल पोटात. नावातला पाच हा त्या पाच व्होल्टचा.

इथपर्यंत सगळ्या पुस्तकांत असतं. माझ्या मते या रचनेतली खरी हुशारी पुढे आहे, आणि ती आपल्याकडे कुणी नीट शिकवलीच नाही.

चाळीस पिना. पत्ता सांगायला सोळा तारा लागतात, माल ने-आण करायला आठ. चोवीस पिना तिथेच संपल्या. मग इंटेरप्ट, सिरियल, कंट्रोल बसवायचे कुठे? त्यांनी काय केलं, की पत्त्याच्या खालच्या आठ तारा आणि मालाच्या आठ तारा एकच केल्या. आधी त्या तारांवरून पत्ता जातो, मग त्याच तारांवरून माल. मोंढ्यात हमालाच्या हातात आधी चिठ्ठी देतात, कोणत्या दुकानी जायचं त्याची, आणि मग पाठीवर पोतं ठेवतात, तसं. आता 'तारेवर आहे तो पत्ता आहे' हे सांगायला एक वेगळी पिन, तिचं नाव एएलई. ती वर गेली की पत्ता टिपून घ्यायचा.

टिपून घ्यायचा कुणी? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बाजारातल्या साध्या मेमरीला हे टिपणं जमत नाही. तिला पत्ता सतत समोर लागतो. म्हणून मध्ये लॅच नावाची वेगळी चिप बसवावी लागते. पण इंटेलने ८०८५ एकटा आणला नव्हता. सोबत ८१५५ आणली आणि ८३५५, ८७५५ आणल्या. या भावंडांच्या पोटातच लॅच आहे. एएलईची तार थेट त्यांना जोडायची, मध्ये कुणी नको. आणि प्रत्येकाला नुसती मेमरी नाही, बाहेरच्या जगाकडे उघडणारी दारंही आहेत. ८१५५मध्ये २५६ बाइट रॅम, बावीस इनपुट-आउटपुट तारा आणि चौदा बिटांचा टायमर. ८७५५मध्ये दोन किलोबाइट ईप्रॉम आणि सोळा तारा. हिशेब करा. तीन चिपा, एक क्रिस्टल, पाच व्होल्ट, आणि बाहेर अडतीस तारा. त्या अडतीस तारांना बटण जोडा, दिवा जोडा, रिले जोडा, तापमान मोजणारं काही जोडा. काम चालू.

हे कुटुंबाचं डोकं इंटेलकडे आधीपासून होतं. १९७१चा ४००४ आला तोही एकटा नाही. ४००१, ४००२, ४००३ अशा चार जणांनी मिळून जपानच्या बुसिकॉम कंपनीचं कॅल्क्युलेटर चालवायचं, असा तो संच होता. म्हणजे मायक्रोप्रोसेसर ही कल्पनाच मुळात 'एकटा शहाणा' अशी नव्हती. ती एकत्र कुटुंबाची होती.

तर माझं म्हणणं असं, की ८०८५ ही चिप म्हणून मध्यम प्रतीची आहे, पण ८०८५-८१५५-८७५५ हा संच रचना म्हणून उत्तम आहे. आणि आपण मध्यम प्रतीचा भाग ठेवून उत्तम भाग टाकून दिला.

मध्यम का म्हणतो, तेही सांगतो, नाहीतर भक्ती वाटेल. झेड-८०कडे रजिस्टरांचा दुसरा पूर्ण संच होता, इंडेक्स रजिस्टरं होती, गठ्ठ्याने मेमरी हलवणाऱ्या सूचना होत्या. ८०८५ने ८०८०च्या सूचनांत अधिकृतपणे फक्त दोन वाढवल्या, रिम आणि सिम. या दोन सूचनांना इंटेरप्टचं कुलूपही सांभाळायला लावलं आणि सिरियलचा एक बिटही. एकाच माणसाला गेटवर पहारा दे आणि टपालही वाट असं सांगितल्यासारखं. शिकणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो आणि त्यात त्याचा दोष नाही.

अजून एक गंमत आहे. चिपमध्ये आणखी दहा सूचना होत्या, चालणाऱ्या, कामाच्या. सोळा बिटांची वजाबाकी होती, दोन जादा फ्लॅग होते. इंटेलने त्या आपल्या पुस्तिकेत छापल्याच नाहीत. १९७९ साली एका अमेरिकी नियतकालिकात दोघांनी त्या शोधून छापल्या. तोवर १९७८चा ८०८६ बाजारात आला होता. म्हणजे माल दुकानात होता, पाटीवर नव्हता. आपल्या परीक्षेत आजही उत्तर 'चौऱ्याहत्तर सूचना' हेच बरोबर. असो.

आता आपल्याकडे या.

इंटेलने १९७७ साली एसडीके-८५ नावाचा शिकण्याचा बोर्ड काढला होता. त्यावर कुटुंब पूर्ण होतं: ८०८५, ८१५५, ८३५५, आणि की-पॅड नि सहा आकड्यांचा डिस्प्ले सांभाळायला ८२७९. महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांत, महाविद्यालयांत जी किट आली ती दिसायला याच बोर्डाची लेकरं. तोच हेक्साडेसिमल की-पॅड, तेच लाल आकडे. पण आत पाहिलं तर बहुतेकांत ८१५५ नाही, ८७५५ नाही. त्याऐवजी ६२६४ रॅम, २७६४ ईप्रॉम, ८२५५ पोर्टसाठी, ८२५३ टायमरसाठी, आणि मध्ये ७४३७३ लॅच. कारण समजण्यासारखं आहे. साधी मेमरी स्वस्त मिळत होती आणि जास्त मिळत होती. दोन किलोबाइटच्या जागी आठ. किट करणाऱ्याने व्यवहार पाहिला, त्यात वाईट काही नाही.

पण शिकवण्याच्या दृष्टीने काय झालं? तीन चिपांत उभं राहणारं घर पंधरा-वीस चिपांचं झालं. मुलाला बोर्डाकडे बघून 'हे असं चालतं' म्हणायची सोय गेली. बोर्ड मोठा, झाकण लावलेलं, आणि पोर्ट? पोर्ट मागच्या बाजूला एका कनेक्टरवर आणलेले. त्या कनेक्टरची केबल बहुतेक ठिकाणी कपाटात. केबल हरवली तर स्टॉक रजिस्टरमध्ये सही कुणी करायची, म्हणून ती कपाटातच बरी! (हशा) हसू नका, प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याच्या पगारातून पैसे कापले जाण्याची भीती खरी असते. केबल कपाटात गेली की अडतीस काय, एकही तार बाहेर येत नाही. मग प्रयोग उरतात ते कोणते? दोन आकड्यांची बेरीज. दहा आकड्यांतला मोठा शोधा. ब्लॉक एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवा. उत्तर कुठे? मेमरीत, अमुक पत्त्यावर. म्हणजे जग हलवण्यासाठी केलेली चिप आपण कॅल्क्युलेटरपेक्षा अवघड कॅल्क्युलेटर म्हणून वापरली.

त्यात आपली लाईट. रॅममध्ये हाताने एकेक बाइट भरायचा, चाळीस-पन्नास बाइट झाले, आणि लाईट गेली की सगळं साफ. ज्या काळात जालन्याला तासन् तास भारनियमन असायचं, त्या काळात प्रॅक्टिकलच्या दोन तासांत कार्यक्रम पुरा भरून चालवून पाहणं ही नशिबाची गोष्ट होती. ईप्रॉममध्ये टाकला तर राहतो, पण ते लिहिणारं यंत्र आणि अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवून पुसणारी पेटी प्रत्येक कॉलेजात कुठून असणार? त्यामुळे सगळा दोष मी शिक्षकांना देणार नाही. पण थोडा देणार आहे.

आता पुस्तक. आपल्याकडे ८०८५ म्हणजे रमेश गावकर. मुलं पुस्तकाचं नावही घेत नाहीत, 'गावकर आणलास का' एवढंच विचारतात. १९८४ साली पहिल्यांदा आलेलं, पुढे मुंबईच्या पेनरामने इथे छापलेलं हे पुस्तक. गावकर शिकवायचे कुठे, हे फार थोड्यांनी पाहिलं असेल. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज इथे ओनोंडागा कम्युनिटी कॉलेजमध्ये. कम्युनिटी कॉलेज म्हणजे मोठं विद्यापीठ नव्हे. दोन वर्षांचं, स्थानिक मुलांचं, लवकर नोकरीला लागायचंय अशांचं. म्हणजे जवळपास आपलं तंत्रनिकेतनच. ते पुस्तक वाचताना ही गोष्ट पानोपानी जाणवते. एक पायरी सोडत नाही. आधी सांगतो, मग करून दाखवतो, मग चुकलं तर कुठे शोधायचं ते सांगतो. चूक शोधण्यावर इतकी जागा देणारं दुसरं पाठ्यपुस्तक मला आपल्याकडे दिसलं नाही.

त्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. प्रोग्रामचे पत्ते देताना वरच्या दोन आकड्यांच्या जागी गावकर बऱ्याचदा 'एक्सएक्स' लिहितात. कारण प्रत्येक किटची रॅम वेगळ्या पत्त्यावर सुरू होते. कुणाची २०००वर, कुणाची ८०००वर, कुणाची सी०००वर. तुमच्यासमोर जे यंत्र आहे त्याच्याकडे बघा आणि ते दोन आकडे तुम्ही भरा, असं तो लेखक म्हणतो. केवढा विश्वास आहे त्यात वाचकावर! आणि आपण काय केलं? गाइडांमध्ये ते आकडे भरून टाकले. मी उत्तरपत्रिका तपासलेल्या आहेत. ज्या कॉलेजच्या किटची रॅम ८०००वर, तिथली मुलं २०००वर प्रोग्राम लिहितात, आणि त्यांना पूर्ण मार्क मिळतात. समोरच्या यंत्रावर तो प्रोग्राम चालणार नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो कुणी चालवणारच नसतं.

पुढच्या आवृत्त्यांमध्ये गावकरांनी आणखी एक धागा घातला. तापमान सांभाळणारी एक यंत्रणा पहिल्यापासून समोर ठेवायची. खोली तापली की पंखा, गार झाली की हीटर, आणि डिस्प्लेवर आकडा. सगळ्या पुस्तकाचा प्रवास त्या यंत्रणेकडे. आपल्या अभ्यासक्रमाच्या वाचनात ही यंत्रणा 'इंट्रोडक्शन' म्हणून उडी मारून ओलांडायचं पान झाली. शेवटची प्रकरणं 'वेळ मिळाल्यास'. वेळ मिळत नाही.

त्या पुस्तकात उणं काय? त्याचं जग तिकडचं आहे. खोलीत हीटर आणि पंखा, दोन्ही एकाच घरात, ही गोष्टच भोकरदनच्या मुलाला आधी समजावून द्यावी लागते. आणि इंग्रजी सोपं असलं तरी भरपूर आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकून आलेलं पोर सहाशे-सातशे पानं वाचणार नाही, तो दहा रुपयांची झेरॉक्स वाचणार. अलीकडे तंत्रशिक्षण मंडळाने मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिकण्याचा पर्याय दिला, तो योग्यच आहे. पण अॅक्युम्युलेटरला 'संचायक' म्हटलं म्हणून पोराला अॅक्युम्युलेटर कळत नाही. तो कळतो, पोर्टवर पाठवलेला बाइट समोर दिव्यांच्या ओळीत पेटलेला दिसला की. मग तुम्ही त्याला काहीही म्हणा.

आता मुद्द्याच्या मुळाशी येतो. परीक्षेतला सगळ्यात आवडता प्रश्न कोणता? डिले. विलंबाचा प्रोग्राम लिहा, टी-स्टेट मोजा, विलंब काढा. एक उदाहरण घेऊ. ६.१४४ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, म्हणजे आत ३.०७२. रजिस्टरांची एक जोडी घ्या, त्यात सगळ्यात मोठा आकडा भरा, ६५५३५. एक एक कमी करत शून्यावर आणा. एक फेरी चोवीस टी-स्टेटची: सहा, चार, चार आणि दहा. गुणाकार-भागाकार केला की ५१२ मिलिसेकंद येतात. अर्धा सेकंद. मुलं हा हिशेब फटाफट करतात. चुकत नाहीत. मग विचारा, 'बाळा, हे कशाला करायचं?' उत्तर येतं, 'सर, सहा मार्काला.'

याचं खरं उत्तर त्याच्या स्वतःच्या गावात, विहिरीवर आहे.

शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री अकराला लाईट आली तर विहिरीवर जाऊन मोटर चालू कोण करणार? साप-विंचू, अंधार, आता तर बिबट्याचीही भीती. म्हणून शेतकरी मोटरीला 'ऑटो' बसवतो. लाईट आली, की आपोआप मोटर चालू. मग रबीच्या हंगामात होतं काय? एका डीपीवर वीस-पंचवीस मोटरी. लाईट आली की सगळ्या ऑटो एका दमात ओढतात. इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, थोडाच वेळ, पण घेते. सगळ्या एकदम सुरू झाल्या की फ्यूज जातो, किंवा डीपी जळते. डीपी जळाली की नवी बसेपर्यंत पीक वाळतं. महावितरण दर हंगामात सांगतं, की ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा. शेतकरी ऑटो काढत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही काढला नसता. रात्री विहिरीवर जाणारा महावितरणचा माणूस नसतो.

आता वर्गातला तो विलंबाचा प्रोग्राम घ्या. अर्ध्या सेकंदाची फेरी शंभर वेळा फिरवली की पन्नास सेकंद. दोनशे वेळा, की शंभर सेकंद. एका डीपीवरच्या प्रत्येक ऑटोला वेगळा आकडा दिला, एकाला वीस, एकाला चाळीस, एकाला साठ, तर मोटरी एकामागून एक उठतील, पंगतीत वाढतात तशा. तिन्ही फेज आहेत का हे तीन तारांवर बघायचं, विहिरीत पाणी आहे का हे चौथ्या तारेवर, आणि पाचव्या तारेने रिले ओढायचा. अडतीसपैकी पाच तारा. मेमरीही दोनशे बाइटांत भागेल.

याने सगळं सुटतं असं नाही. डीपीच लहान असेल आणि मोटरी जास्त, तर त्या एकामागून एक सुरू करून शेवटी एकत्र चालणारच, आणि डीपी तापणारच. त्याला मोठी डीपीच लागते. पण सुरुवातीचा धक्का तरी वाटला जाईल. बाजारात मिळणाऱ्या ऑटोतही विलंब असतो, मोबाईलवरून चालणारे ऑटोही आलेत. प्रश्न असा आहे, की तो विलंब किती ठेवायचा हे त्या डीपीवरच्या पंचवीस शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचं असतं, आणि डबा उघडून तो आकडा बदलणारा माणूस गावात लागतो. असा माणूस तयार करणं हे तंत्रनिकेतनाचं काम नाही तर कुणाचं? आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी शेकडो पोरं टी-स्टेट मोजून पास झाली. डबा उघडणारी किती निघाली, ते तुम्हीच आजूबाजूला बघा. जी निघाली, ती बहुतेक मोटर रिवायंडिंगच्या दुकानात उमेदवारी करून शिकलेली, आणि त्यातली काही दहावी नापास आहेत.

आणि हा फक्त शेतीचा प्रश्न नाही. जालन्याला दोन गोष्टींसाठी ओळखतात, लोखंडी सळई आणि बियाणं. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये जा, इंडक्शन भट्टीवर जा, कंट्रोल पॅनेल दिसेल. बियाणं वाळवायच्या ठिकाणी तापमान, ओलावा सांभाळणारं पॅनेल दिसेल. १९६४ साली इथे महिको सुरू झाली, तेव्हापासून बियाण्याचा धंदा आपल्या रक्तात आहे म्हणतात. मोंढ्यात वजनकाटा इलेक्ट्रॉनिक आहे. या सगळ्यांच्या पोटात जो मेंदू आहे तो ८०८५च्याच गोतातला किंवा त्याच्या पुढच्या पिढीतला, साधा, हलक्या दर्जाचा. पॅनेल बिघडलं की माणूस बाहेरून येतो. आपलं पोर त्याची बॅग धरून उभं असतं. रोजंदारी त्यालाही मिळते, पण बॅग धरण्याची.

यावर एक जण मला नेहमी म्हणतो, 'सर, ८०८५ काढून टाका ना, आर्डुइनो आणा.' बऱ्याच ठिकाणी हे झालंही आहे. आधी ८०५१ आला, मग आर्डुइनो. बरोबरच आहे, इतिहासही त्याच दिशेने गेला. ज्या १९७६ साली ८०८५ आला त्याच वर्षी इंटेलने ८०४८ आणला, सगळं कुटुंब एकाच चिपमध्ये. १९८० साली ८०५१, चार किलोबाइट रॉम, बत्तीस तारा, दोन टायमर. म्हणजे तीन चिपांचं कुटुंब जन्मतःच एका चिपच्या घराशी स्पर्धा करत होतं, आणि हरलं. आजच्या आर्डुइनो उनोवरच्या चिपमध्ये बत्तीस किलोबाइट मेमरी आहे आणि लाईट गेली तरी ती काही विसरत नाही. मी काही चरख्याची बाजू घ्यायला उभा नाही.

पण आर्डुइनो आल्यावर मी प्रयोगशाळांमध्ये काय पाहतो? दिवा लुकलुकतो. डिले, कंसात ५००. तो ५०० कुठून आला, कुणी मोजला, त्या वेळात चिप दुसरं काही करू शकते का, हे कुणी विचारत नाही. प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवलेला. आधी पोरं टी-स्टेट मोजायची आणि दिवा पेटायचा नाही. आता दिवा पेटतो आणि मोजत कुणी नाही. कोविडच्या काळात ८०८५चं सिम्युलेटर आलं, त्यात तर बोर्डही गेला, केबलही गेली, कपाटाचीही गरज उरली नाही.

माझ्या दृष्टीने ८०८५ शिकवायचा की नाही, हा वाद फार पोटतिडकीने घालण्यासारखा नाही. तो जगात कुठे कुठे पोचला ते सांगायला मला आवडतं. १९९७ साली मंगळावर उतरलेली नासाची सोजर्नर गाडी त्याच्याच सीमॉस भावावर, ८०सी८५वर चालत होती, दोन मेगाहर्ट्‌झने. मुलं ऐकून खूष होतात. पण मंगळाचं सांगून विहिरीचं काम होत नाही.

ठोस काय करायचं, ते एकदाच सांगतो. पहिल्या दिवशी पोर्ट. ब्लॉक डायग्राम नाही, पिन डायग्राम नाही. 'आउट' ही सूचना, आठ एलईडी, आणि वहीत एक ओळ. दुसऱ्या आठवड्यात रिले आणि विलंब, घड्याळ हातात धरून. पन्नास सेकंद म्हणजे पन्नास आले का ते बघायचं, आणि नाही आले तर का नाही ते शोधायचं. तिसऱ्या आठवड्यात इंटेरप्ट. फेज गेला तर मोटर लगेच बंद झाली पाहिजे, विलंब संपायची वाट बघायची नाही. मग मुलाला स्वतःच विचारावंसं वाटतं, की चिपला कसं कळतं, पत्ता कुठून जातो, ही एएलई काय भानगड आहे. तेव्हा काढा ती चाळीस पिनांची आकृती. हे ८०८५वर होतं, ८०५१वर होतं, आर्डुइनोवरही होतं. ८०८५वर एकच फायदा, की कुटुंबातलं प्रत्येक माणूस वेगळं बसलेलं दिसतं, बोट ठेवता येतं. एका चिपमध्ये सगळे दार लावून बसलेले असतात.

दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

पहिला प्रश्न असा आहे, की आता जुनी किट कॉलेजांमध्ये पडून आहेत, ती भंगारात काढू का? काढू नका. निर्लेखन करण्याआधी मागचा कनेक्टर बघा. केबल नसेल तर चपटी केबल आणि सॉकेट बाजारात मिळतं, दाबून बसवायचं असतं, एका दुपारचं काम आहे. मात्र ८२५५च्या पोर्टला रिले थेट जोडू नका, तेवढा करंट तो देत नाही. मध्ये यूएलएन-२००३ बसवा. आणि मोटरीचा कॉन्टॅक्टर जोडणार असाल तर मधला रिले वेगळा, ऑप्टोकपलर लावून, आणि हे काम एकट्या मुलाला करू देऊ नका. ४१५ व्होल्ट आहेत ते, मार्कांसाठी जीव घालवायचा नाही.

दुसरा प्रश्न मागच्या ओळीतून आहे. 'सर, एका डीपीवरचे शेतकरी वेगवेगळा विलंब ठेवायला तयार होतील का? ज्याचा नंबर शेवटी, त्याला पाणी कमी.' रास्त शंका आहे. पण शेवटच्याला किती उशीर होतो ते बघा. पंचवीस मोटरी, प्रत्येकीत वीस सेकंदांचं अंतर, म्हणजे पाचशे सेकंद. साडेआठ मिनिटंही नाहीत. आठ तासांच्या पाळीत तेवढी जातात. आणि तीही वाटून घ्यायची असतील तर दर आठवड्याला नंबर फिरवा. त्यासाठी ऑटोमध्ये एक बटण लागेल, म्हणजे अजून एक तार. तेहतीस शिल्लक आहेत, त्यातली एक घ्या.